बी.ई. नंतर डेंटल स्कूल: सदतिसाव्या वर्षी सुरुवात कुठून करायची?

पत्र थोडक्यात असं आहे: ‘मी न्यू जर्सीत राहते, वय ३७. पुण्यातून २०१० साली कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं. पहिल्या वर्षी एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, केटी लागली होती (विषय राहिला होता), शेवटी फर्स्ट क्लास मिळाला. बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलगा सात वर्षांचा आहे. डेंटिस्ट व्हायचं हे बरीच वर्षं मनात आहे आणि आता घरूनही पाठिंबा आहे. माझी वहिनी बीडीएस आहे, ती म्हणते इथे दोन-तीन वर्षांत होऊन जातं. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, आधी डॅट, म्हणजे डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा, दे, मार्क बघ, मग ठरव. वय आडवं येईल का? बी.ई. चालेल का? केटी दिसेल का? आणि नोकरी कधी सोडू?’

वयाचं आधी निकालात काढू, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागे अडून बसलंय. अमेरिकेत डेंटल स्कूलच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वयावरून भेदभाव करायला १९७५ च्या एज डिस्क्रिमिनेशन अ‍ॅक्टने मनाई केलेली आहे. निवड समितीची काळजी वेगळी असते. इतक्या वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसलेली व्यक्ती एका वेळी भरगच्च सायन्स पेलेल का, हे समितीला बघायचं असतं. त्याचा पुरावा आज तुमच्याकडे नाही आणि तो मिळवायला साधारण दोन वर्षं लागतात. या ऑगस्टअखेर कॉलेज सुरू केलंत तर अर्ज दोन वर्षांनंतरच्या जूनमध्ये, प्रवेश चाळिशीत आणि पदवी ४४ व्या वर्षी. त्यानंतर आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याला मान्य असलेली क्लिनिकल परीक्षा. पुढे हडसनपलीकडे न्यूयॉर्कमध्ये लायसन्स हवं असेल, तर तिथे एक वर्षाची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण, सक्तीची आहे. हा हिशेब घरात सगळ्यांसमोर कागदावर मांडा.

आता वहिनींचं बोलणं. त्या चुकीचं सांगत नाहीत, पण तो रस्ता त्यांचा आहे. भारतात बीडीएस झालेल्यांना इथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग’मध्ये प्रवेश मिळतो, त्याचा अर्ज कापिड या वेगळ्या पोर्टलवरून जातो आणि तो कोर्स साधारण दोन ते तीन वर्षांचा असतो. तुम्हाला पूर्ण चार वर्षांचा कोर्स करावा लागेल. अपवाद सॅन फ्रान्सिस्कोतल्या युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकचा. तिथे हाच कोर्स सुट्ट्या कापून तीन वर्षांत बसवलेला आहे. एक वर्ष वाचतं हे खरं, पण तोवर दहा वर्षांच्या झालेल्या मुलाचं बिऱ्हाड देशाच्या दुसऱ्या टोकाला हलवून एक वर्ष वाचवण्यात काय मिळेल, ते तुम्हीच ठरवा. कुठे डीडीएस लिहिलेलं दिसेल, कुठे डीएमडी. दोन्ही पदव्या एकच, फक्त नावं वेगळी.

तुमच्या अर्जातली खरी अवघड जागा म्हणजे परदेशी डिग्री. तिथे नीट लक्ष द्या.

डेंटल स्कूलचे अर्ज आडसास या सामायिक पोर्टलवरून जातात. भारतातल्या पदवीसाठी वेस किंवा तशा मान्य संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्याला कोर्स-बाय-कोर्स रिपोर्ट म्हणतात. नुसता ‘ही पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची आहे’ एवढं सांगणारा स्वस्त रिपोर्ट मागवून पैसे वाया घालवू नका. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते, घरच्या फाइलमधली मार्कशीट चालत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: तुम्ही २०१० साली पास झालात तेव्हा विद्यापीठाचं नाव पुणे विद्यापीठ होतं, २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. डिग्रीवर एक नाव आणि ट्रान्सक्रिप्टवर दुसरं दिसलं तर घाबरू नका, फक्त आडसासमध्ये कॉलेज निवडताना दोन वेगळी विद्यापीठं टाकू नका.

स्वतःच्या नावाचं मात्र आत्ताच बघून ठेवा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि वेगळ्या ओळीत आईचं नाव असतं. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव येतं. न्यू जर्सीच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर त्यातलंच काहीतरी कापलेलं असतं. डॅटच्या नोंदणीतलं नाव आणि परीक्षेला नेलेल्या ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एक असावं लागतं. तसं नसेल तर सेंटरवरून परत पाठवतात आणि फी जाते. डॅट आणि आडसास दोन्हींसाठी डेंटपिन नावाचा एकच क्रमांक लागतो. तो काढतानाच ओळखपत्र समोर ठेवून नाव टाका, आणि आडसासमध्ये आधीचं नाव लिहायची जागा असते तिथे माहेरचं पूर्ण नाव भरा.

केटीबद्दल: परदेशातले मार्क आडसासच्या जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरले जात नाहीत. मूल्यमापनाचा रिपोर्ट कॉलेजांकडे जातो, त्यामुळे कुणी बारकाईने पाहिलं तर एम-वन दिसू शकेल. पण अठरा-वीस वर्षांपूर्वीच्या एका गणिताच्या पेपरावर निवड अडत नाही. उलट यात तुमचा फायदा आहे. इथे शिकलेल्या आणि विशीत वाईट मार्क पडलेल्या उमेदवाराला ते जुने ग्रेड जन्मभर पुरतात, तुमची पाटी मात्र कोरी आहे. कोऱ्या पाटीवर प्रत्येक रेघ ठळक उठते, हेही ध्यानात असू द्या. ४० क्रेडिटमध्ये (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) सगळे ए मिळाले तर ४.०. त्यात चार क्रेडिटच्या एकाच विषयात सी आला की ३.८. तोच विषय पुन्हा करून ए मिळवला तरी आडसास जुना सी पुसत नाही, दोन्ही प्रयत्न धरतं. कॉलेजच्या स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर जुना ग्रेड बदललेला दिसतो म्हणून अनेक जण गाफील राहतात आणि अर्जाच्या वेळी आकडा खाली आलेला बघून हादरतात. सेमिस्टर हाताबाहेर चाललंय असं वाटलं तर ठरलेल्या तारखेच्या आत विषय सोडा. तिथे डब्ल्यू, म्हणजे ‘विषय सोडला’ असा शेरा, लागतो. तो दिसतो, पण जीपीए खाली ओढत नाही. एखादा डब्ल्यू कोणीही समजून घेतं. तीन-चार झाले की प्रश्न विचारले जातात.

आता या सगळ्याच्या आधीचं एक काम. परदेशी पदवीबद्दल प्रत्येक डेंटल स्कूलचा नियम वेगळा आहे. काही जण मूल्यमापन केलेली परदेशी पदवी मान्य करतात, पण सायन्सचे सगळे आवश्यक विषय अमेरिका किंवा कॅनडातल्या कॉलेजात झालेले मागतात. काही जण त्यावर ठरावीक इतकी क्रेडिट इथली हवीत असं म्हणतात, काहींना इथलीच बॅचलर्स लागते. म्हणून एकही डॉलर खर्च करण्याआधी आठ-दहा कॉलेजांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल पाठवा. न्यूअर्कचं रटगर्स सगळ्यात आधी, कारण ते तुमच्या राज्याचं कॉलेज आहे. मग फिलाडेल्फियातली दोन, पेन आणि टेंपल, आणि न्यूयॉर्ककडची. ईमेलमध्ये चारच प्रश्न: भारतातली चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी मूल्यमापनासह चालते का? इथली किमान किती क्रेडिट लागतात? काउंटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) केलेले सायन्सचे विषय धरता का, आणि किती? ऑनलाइन लॅब चालते का? उत्तरं आली की पीडीएफ करून जपून ठेवा. वेबसाइटवरचा मजकूर दोन वर्षांत बदलतो आणि ऑफिसातलं माणूसही बदलतं. दर वसंतात तेच प्रश्न पुन्हा विचारून खात्री करून घ्या.

विषय कोणते, तर बहुतेक ठिकाणी बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी दोन सेमिस्टर, लॅबसकट, म्हणजे साधारण आठ-आठ क्रेडिट. बायोकेमिस्ट्रीची तीन. शिवाय कॉलेजागणिक अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी. बी.ई.च्या पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग फिजिक्स आणि केमिस्ट्री दाखवून सुटका होईल अशी आशा धरू नका.

यात माणसं अडकतात ती साखळीमुळे. जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसरा झाल्याशिवाय ऑरगॅनिकचा पहिला नाही, त्याशिवाय दुसरा नाही, आणि ऑरगॅनिक झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. पाच कड्या आहेत. शिवाय संध्याकाळच्या वर्गात पुष्कळदा पहिला भाग फक्त फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या सत्रात, आणि दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीच्या सत्रातच असतो. मधली एक कडी निसटली तर एका सेमिस्टरचं नुकसान होत नाही, अख्खं वर्ष जातं. म्हणून नोंदणी सुरू होते त्या दिवशीच केमिस्ट्रीची जागा पकडा. बायॉलॉजी आणि फिजिक्स इकडे-तिकडे हलवता येतात.

पहिल्या सेमिस्टरला दोनच विषय घ्या: जनरल केमिस्ट्री एक आणि बायॉलॉजी एक, दोन्ही लॅबसह, आठ क्रेडिट. नोकरी सांभाळून तीन विषय घेण्याचा मोह होईल. तीन लॅब म्हणजे आठवड्याच्या तीन संध्याकाळी दहापर्यंत घराबाहेर, वर दर आठवड्याला तीन लॅब रिपोर्ट. आणि हे पहिलं सेमिस्टर आम्ही परीक्षेसारखं मानायला सांगू. दोन्हींत ए किंवा एकात ए-मायनस आला तर बेधडक पुढे जा. दोन्हींत बी आला तर थांबून कारण शोधा. अभ्यासाला वेळ कमी पडला, की वेळ देऊनही विषय डोक्यात शिरला नाही? पहिल्यावर उपाय आहे, ऑफिसातले तास कमी करता येतात. दुसरं असेल, तर डेंटल स्कूलच्या पहिल्या दोन वर्षांत एका सेमिस्टरला आठ-नऊ विषय एकदम येतात तेव्हा काय होईल, याचा विचार तुमच्या खिशातून दीड-दोन हजार डॉलर गेले असतानाच करणं परवडतं.

इंजिनिअरिंगवाल्यांचं एक नेहमीचं दुखणं म्हणजे त्यांना बायॉलॉजी सोपी वाटते, कारण त्यात सूत्रं नाहीत. तिथे खोलीपेक्षा ढीग मोठा असतो आणि तो रोज थोडा उचलावा लागतो, परीक्षेच्या आदल्या रात्री उचलत नाही. ऑरगॅनिकचं उलटं. पोरं अभिक्रिया पाठ करत बसतात आणि इलेक्ट्रॉनचे बाण काढायचा सराव सोडून देतात. बाण समजले की पन्नास अभिक्रियांच्या सात-आठ पद्धती उरतात. तुम्ही आयुष्यभर कोडमधला दोष शोधत आलात, तुम्हाला ही रीत भावेल.

सुरुवात काउंटी कॉलेजात करायला हरकत नाही. फी कमी, वर्ग लहान, वेळा संध्याकाळच्या. पण सगळंच तिथे करू नका. ऑरगॅनिकचा निदान दुसरा भाग, बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी चार वर्षांच्या विद्यापीठात करा. समितीला तुम्ही वरच्या पातळीवरही टिकता हे दिसायला हवं. शिवाय शिफारसपत्रं तिथूनच मिळवायची आहेत. आडसासमध्ये चारपर्यंत पत्रं जातात आणि बहुतेक कॉलेजं त्यांतली दोन सायन्सच्या प्राध्यापकांची मागतात. पुण्यातल्या तुमच्या एचओडींचं पत्र कितीही प्रेमाने लिहिलेलं असलं तरी इथे कामाचं नाही. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना पहिल्या महिन्यापासून जा. दीडशे जणांच्या वर्गात मागे बसून ए मिळवणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल ‘ए मिळवला’ यापलीकडे लिहिण्यासारखं प्राध्यापकाकडे काहीच नसतं. आणि पत्राचं सेमिस्टर संपता-संपता बोला. वर्षाने ईमेल केलात तर चेहरासुद्धा आठवत नाही.

मैत्रिणीचा ‘आधी डॅट’ हा सल्ला ऐकू नका. डॅटच्या नॅचरल सायन्सेस भागात १०० प्रश्न असतात, ४० बायॉलॉजीचे आणि ३०-३० जनरल व ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे, वेळ ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. ऑरगॅनिक न शिकता बसलात तर फुकट मार्क जातील, आणि आधीचे प्रयत्नही कॉलेजांना दिसतात. पुन्हा द्यायची तर मध्ये ६० दिवस थांबावं लागतं. जुने गुणही कॉलेजं फार वर्षं धरत नाहीत, पुष्कळांना दोन-तीन वर्षांच्या आतले हवे असतात. मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० या नव्या मोजपट्टीवर देतात. कुणी ‘मला वीस होते, एकवीस होते’ असं सांगितलं तर ते जुन्या १ ते ३० च्या पट्टीवरचं आहे, त्याच्याशी स्वतःची तुलना करत बसू नका. तुमच्यासाठी योग्य वेळ म्हणजे ऑरगॅनिक दोन संपल्या-संपल्या, मे अखेर ते जून. त्याआधी दहा-बारा आठवडे रोज दोन तास आणि शनिवारी पूर्ण लांबीचा सराव पेपर.

डॅटमध्ये एक भाग असा आहे की तो बारावीत किंवा इंजिनिअरिंगला कुणीच शिकवलेला नसतो: पॅट, म्हणजे आकाराची नजर. ६० मिनिटांत ९० प्रश्न, सहा प्रकार, प्रत्येकी पंधरा. हा भाग ऐन वेळी जमत नाही, पण रोज वीस मिनिटं दिली की हमखास सुधारतो. ठोकळे मोजायचा प्रकार घ्या. एकावर एक चिकटवलेल्या ठोकळ्यांचं चित्र असतं. तळ सोडून बाहेर दिसणाऱ्या सगळ्या बाजू रंगवल्या आहेत असं धरायचं आणि विचारतात, दोनच बाजू रंगलेले ठोकळे किती? बहुतेक जण प्रत्येक प्रश्नाला चित्र पहिल्यापासून मोजतात. तसं करू नका. चित्र आलं की शून्य ते पाच असे कप्पे पाडा, एकेका ठोकळ्यावर बोट ठेवून त्याच्या रंगलेल्या बाजू मोजा आणि त्या कप्प्यात रेघ मारा. शेवटी रेघांची बेरीज एकूण ठोकळ्यांइतकी यायला हवी, मागे दडलेला ठोकळा राहिला तर तिथेच कळतं. एकदा तक्ता झाला की त्या चित्रावरचे सगळे प्रश्न दहा सेकंदांत सुटतात. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडायच्या प्रकाराला चार बाय चारची चौकट काढून मागे-मागे उलगडत जा. परीक्षेत साधा कागद मिळत नाही, लॅमिनेट केलेला बोर्ड आणि मार्कर देतात. घरीही त्यावरच सराव करा, नाहीतर जाड मार्करने बारीक तक्ता काढताना पहिल्या पाच मिनिटांतच हात अडखळतो. कोन लावायचा प्रकार सगळ्यांनाच जड जातो, त्यात वेळ बुडवू नका, अंदाज करून पुढे सरका. उरलेल्यांपैकी गणिताच्या ४० प्रश्नांना ४५ मिनिटं आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, तिथे तुम्हाला फारशी तयारी लागणार नाही. वाचनाचे तीन उतारे आहेत, त्यांचा सराव घड्याळ लावूनच करा.

डेंटिस्टच्या मागे उभं राहून काम बघणं, म्हणजे शॅडोइंग, याचे १०० तास धरून चाला. शनिवारी चार तास असे २६ शनिवार केले की १०४ होतात. नोकरी सांभाळून हे जमतं. जवळच्या दवाखान्यांना फोन करा तो सकाळी आठला नको, तेव्हा रिसेप्शनवर झुंबड असते. दुपारी करा आणि ऑफिस मॅनेजरशी बोला. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा फॉर्म सही करून द्यावा लागेल. त्यातले ७० तास साध्या जनरल डेंटिस्टकडे आणि बाकी ऑर्थो (वाकडे दात सरळ करणारे), ओरल सर्जन, लहान मुलांचा डेंटिस्ट यांच्याकडे. शक्य असेल तर काही तास सरकारी मदतीवर चालणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये घालवा. कीड वेळेत न भरल्याने दाढ काढावी लागलेला माणूस तिथे दिसतो, चकचकीत दवाखान्यात तो फारसा दिसत नाही.

नुसते तास मोजू नका, त्याच दिवशी घरी वही लिहा. अमेरिकेत दातांना १ ते ३२ क्रमांक आहेत. ३० नंबर म्हणजे खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ. ‘क्राउन पाहिला’ एवढं लिहिण्याऐवजी असं लिहा: ३० नंबर, खालच्या नसेजवळ भूल दिली, ओठ बधिर झाला का ते विचारलं, दाढेचा माथा दीड-दोन मिलिमीटर उतरवला, हिरडी बाजूला सारायला दोरा बसवला, स्कॅन घेतला, तात्पुरती टोपी बसवली. चावताना उंच लागते असं पेशंट म्हणाला तेव्हा निळा कागद चाववून खूण आली तिथे घासलं. पेशंटचं नाव कुठेही लिहू नका. दोन वर्षांनी मुलाखतीत ‘काय पाहिलंत?’ विचारतील तेव्हा ही वही तुम्हाला बोलतं करेल. आणि हे काम दिवसभर मान वाकवून, दुसऱ्याच्या तोंडातल्या दोन मिलिमीटरवर डोळे लावून करायचं आहे, ते आपल्याला खरंच आवडतं का, याचंही उत्तर तिथेच मिळेल. दहाव्या शनिवारी कंटाळा आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

आडसास साधारण मेच्या मध्यात उघडतं आणि जूनच्या सुरुवातीपासून अर्ज पाठवता येतो. डेडलाइन पुढच्या हिवाळ्यातली दिसते म्हणून निवांत राहू नका. मुलाखतीची बोलावणी अर्ज येतील तशी जातात आणि जागा भरत जातात. जूनमध्ये पाठवलेला अर्ज आणि ऑक्टोबरमध्ये पाठवलेला तोच अर्ज यांत फार अंतर पडतं. तपासणीलाच काही आठवडे लागतात. इथे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागते, उन्हाळ्यात एकच विषय केला असेल त्या कॉलेजचीही. ती एक राहिली की अख्खा अर्ज पडून राहतो. पहिल्या कॉलेजच्या अर्जाला अडीचशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाला शंभराच्या वर फी पडते, शिवाय काही कॉलेजांची दुसऱ्या टप्प्याची वेगळी फी असते. परदेशी पदवी नक्की मान्य करणारी दहा ते बारा कॉलेजं पुरेत. पंचवीस ठिकाणी अर्ज करून निम्मे नियमातच बाद होण्यात अर्थ नाही. प्रवेशाचे पहिले होकार डिसेंबरच्या मध्यापासून निघतात.

निबंधाला ४,५०० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागांसकट. मोठ्या वयाचे उमेदवार त्यातली निम्मी जागा आपण इतका उशीर का केला याची माफी मागण्यात घालवतात. माफी मागायची गरज नाही. दंतवैद्यकच का, आत्ताच का आणि तुम्ही हे कराल याचा पुरावा काय, या तीन गोष्टींना जागा द्या. टेस्टिंगची बारा वर्षं झाकू नका, पण ‘मी बारकाईने काम करते’ असं ढोबळही लिहू नका. एखादा दोष कसा शोधला आणि त्याचं मूळ कसं सापडलं ते सहा ओळींत दाखवा.

पैशाचं स्वच्छ बोलू, कारण विशीतल्या मुलीला जे कर्ज पेलतं ते ४४ व्या वर्षी तसंच पेलत नाही. खासगी डेंटल स्कूलचा राहण्याखाण्यासकट चार वर्षांचा खर्च पाच लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. ग्रीन कार्डमुळे तुम्हाला सरकारी कर्ज मिळेल. (एच-४ वरच्या, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे असलेल्या, वाचकांनी इथे थांबावं. तुम्हाला शिकता येतं, पण सरकारी कर्ज मिळत नाही, आणि बरीच राज्याची कॉलेजं तुम्हाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात.) पूर्वी ग्रॅड प्लस कर्जातून पूर्ण खर्च भागायचा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ती सोय बंद आहे. व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. वरची रक्कम खासगी कर्जातून, नवऱ्याच्या सहीने, बँकेच्या दराने. उदाहरण म्हणून ४ लाख डॉलर ८ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,८५० डॉलर येतो. आणि तो मुलगा हायस्कूलला जायच्या सुमारास सुरू होतो. म्हणून राज्याच्या कॉलेजातली रहिवाशाची जागा तुमच्यासाठी नामांकित खासगी कॉलेजपेक्षा मोलाची आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सैन्याची आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती नागरिकांनाच मिळते, तेव्हा नागरिकत्वाची तारीख कॅलेंडरवर घालून ठेवा. ४०१(के) ला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्याला, मात्र हात लावू नका. साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर कर भरावा लागतोच, वर काढलेल्या रकमेवर १० टक्के दंड, आणि शिक्षणासाठी त्यात माफी नाही. ती माफी आयआरएला, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्तीच्या खात्याला, आहे.

शरीराचंही बघून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधुक व्हायला लागतं. डेंटिस्ट लूप, म्हणजे भिंग बसवलेला चश्मा वापरतात आणि तो तुमच्या नंबरासह बनवता येतो, तेव्हा डोळे आडवे येणार नाहीत. मानेचं किंवा मनगटाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. टेस्टिंगमध्ये बारा वर्षं बसलेल्या मानेला आम्ही गृहीत धरणार नाही.

राहिली नोकरी. विषय करताना सोडू नका, डॅटसाठीही सोडू नका. डॅटला आठ-दहा दिवसांची सुट्टी टाका. फार तर ऑरगॅनिक आणि फिजिक्स एकत्र येतील त्या वर्षी तास कमी करून मागा. प्रवेशाचं पत्र आलं, डिपॉझिट भरलं, तरी लगेच राजीनामा देऊ नका. आधी कर्जाचे कागद मंजूर होऊ द्या, आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीत हलवा, आणि कंपनीने ४०१(के) मध्ये भरलेला वाटा पूर्ण तुमचा कधी होतो ती तारीख एचआरकडून लेखी घ्या. कोर्स ऑगस्टला सुरू होत असेल तर जूनअखेरची तारीख टाकून राजीनामा द्या. मधला जुलै मुलासोबत घालवा, पुढची चार वर्षं त्याला तुमची एवढी मोकळी सुट्टी मिळणार नाही.